भंडारदऱ्याच्या खोऱ्यात पाच रात्री, शेतकऱ्याच्या पडवीत

कौलारू | ९ जून, रात्री १०:४०

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं (मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक) अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी एका गावात राहून आलो. तंबू नाही, कॉटेज नाही, कृषी पर्यटनाची पाटीसुद्धा नाही. नांदतं शेतकऱ्याचं घर. पुढची पडवी आमची, भिंतीपलीकडे गोठा, त्यात दोन डांगी बैल, एक गाय आणि वासरू. ओळखीतून ओळख निघाली म्हणून जाणं झालं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे येईलच.

निघताना माझ्याकडे यादी होती: अमृतेश्वर, रतनगड, सांदण, घाटघर, रंधा, रात्री काजवे. पोचलो त्या संध्याकाळी दादांना (घरधनी, पन्नाशीचे) ती वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, "ताई, समदं व्हईल. पर पाऊस चार दिवसांवर आलाय. आमची बी यादी हाये."

त्यांची यादी लांब होती. कौलं चाळायची, सरपण आणि गोवऱ्या आत घ्यायच्या, पेंढा झाकायचा, फुटलेले बांध घालायचे, राबात भात पेरायचं, राजूरहून मीठ-मसाला, दोर आणि प्लास्टिकचा कागद आणायचा. माझी आजी कोकणातली, ती याला आगोटीची कामं म्हणायची. फरक एवढाच की आजीची आगोट मी फक्त ऐकली होती.

मग ठरलं असं की सकाळी अकरापर्यंत त्यांची यादी, उरलेल्या वेळात आमची. ठरलं म्हणजे आजींनी ठरवलं. दादांची आई. सत्तरीच्या पुढे, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पहाटे साडेचारला अंगण झाडायला लागायच्या आणि मुद्दाम आमच्या उशापाशी खराटा जोरात ओढायच्या अशी माझी पक्की समजूत आहे.

पहिल्या सकाळी कौलं. दादा आणि त्यांचा पुतण्या वर, आम्ही खाली. माकडांनी फोडलेली बाजूला, चांगली धुऊन परत वर. नवऱ्याने उत्साहाने शिडी पकडली आणि पंधरा मिनिटांत त्याला खाली बसवून कौलं पुसायचं काम दिलं गेलं. लेक मात्र दुपारपर्यंत कौलावरच्या कुंभाराच्या बोटांचे ठसे शोधत होती. सात सापडले.

दुसऱ्या दिवशी पेर. ज्यांना राब माहीत नाही त्यांच्यासाठी: भाताची रोपं करायची तेवढा वावराचा तुकडा उन्हाळ्यात भाजून ठेवतात. झाडांचे टहाळे, पालापाचोळा, शेण, वरून माती असे थर देऊन पेटवायचं. तणाचं बी जळतं आणि राख खत म्हणून जमिनीतच राहते. आम्ही गेलो तेव्हा राब भाजून झाले होते, उतारावर काळे चौकोन दिसत होते. वळवाची एक सर येऊन गेली होती. दादांनी औत धरलं, आजींनी टोपलीतून बी फेकलं, मागून पुतण्याने काटेरी फांदी ओढून ते झाकलं. मला वाटलं बी फेकण्यात काय आहे. चार मुठी टाकल्या. आजी म्हणाल्या, "कोंबड्यांना टाकती का?" बी एका जागी ढीग, दुसरीकडे मोकळं. टोपली परत घेतली गेली.

पेरलं ते मुख्यतः इंद्रायणी. मावळात वडगावच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून केलेलं हे वाण, १९८७ चं. विकायला हेच बरं पडतं. पण एका कोपऱ्यात, दोन चादरी अंथरता येतील एवढ्या जागेत, काळभात. हे विकायचं नाही, घरच्याला आणि बाळंतिणीला. त्याचं बी आजींनी गाडग्यात राखेत घालून ठेवलं होतं आणि ते गाडगं दुसऱ्या कुणी उचललेलं त्यांना चालत नव्हतं.

आता फिरणं. हे खोरं एखाद्या परातीसारखं आहे. मध्ये पाणी, उत्तरेच्या कडेला १६४६ मीटरची कळसूबाई, नैऋत्येला रतनगड, पश्चिमेला घाटघरपाशी परात एकदम तुटते आणि खाली कोकण. रतनगडावरून निघालेली प्रवरा शेंडीपाशी विल्सन धरणाने अडवलीय. काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. पाण्याभोवती रस्ता फिरतो आणि बहुतेक लोक गाडीतून तो एका दिवसात उरकतात. आम्हीही एक दुपार तसंच उरकलं आणि खरं सांगते, त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. घाटघरच्या कड्यावरून ढग वर येताना पाहिले तेवढे लक्षात आहेत.

आठवतं ते पायी गेलेलं. बैल चारायला पुतण्याबरोबर गेलो ते रतनवाडीच्या दिशेने, पाणी उतरलेल्या काठाने. जूनमध्ये धरण तळाला जातं आणि काठाचा गाळ उघडा पडतो. तिथे दगडाच्या बुटक्या ओळी दिसल्या. मला वाटलं काही जुनं बांधकाम. पुतण्या म्हणाला, "बांध हायेत. आमच्या पणज्याच्या वावराचे." म्हणजे ज्या पाण्याचे फोटो मी सकाळपासून काढत होते, त्याच्याखाली त्यांची खाचरं होती. सगळ्यात सपाट, सगळ्यात चांगली जमीन खाली गेली आणि माणसं उतारावर सरकली. तो हे सांगताना बैलाच्या मानेवरची गोचीड काढत होता. माझा कॅमेरा मात्र नंतर बराच वेळ पिशवीतच राहिला.

अमृतेश्वरला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. शिलाहारांच्या काळातलं मानतात ते मंदिर, काळ्या दगडाचं, शेजारी पुष्करणी. शिखरावरची नक्षी बघायची तर मागच्या बाजूने बघा, सगळे पुढूनच परत जातात. रतनगड नवरा एकटा करून आला, पहाटे निघून. शिड्या आणि नेढं (कड्याला आरपार पडलेलं भोक) यांचं वर्णन तो दर जेवणाला करतोय, ते त्याच्याकडूनच ऐका. सांदण केली नाही. आभाळ भरून आलं होतं आणि दादांनी "नगं" म्हटलं. त्या घळीत पाणी कुठून येईल सांगता येत नाही.

जेवण: नागलीची भाकर, हुलग्याचं कालवण किंवा शेंगोळे, खुरासणीची चटणी, एकदा खेकड्यांचा रस्सा. दूध होतं, पण चहा कोरा. दूध वासराचं आणि उरलं तर आमच्या लेकीचं.

आणि काजवे. घरामागे ओढ्याकडेला सादड्याची आणि हिरड्याची झाडं आहेत. रात्री आठला दादांनी घरातला दिवा बंद केला, मोबाइल आत ठेवायला लावले. दहा मिनिटं काही दिसेना. मग एक झाड पेटलं. अख्खं झाड एका ठेक्यात लुकलुकायला लागलं, थांबलं, मग पलीकडच्याने उत्तर दिलं. लेक कुजबुजली, "आई, ते श्वास घेतायत." चार रात्री आम्ही हेच बघत बसलो.

पाचवी रात्र शनिवारची. संध्याकाळपासून गाड्या. नऊ वाजता खालच्या रस्त्यावर दिव्यांची रांग, हॉर्न, कुणाच्या तरी गाडीत गाणी, टॉर्च झाडांवर मारून "कुठायत काजवे?" सादडा त्या रात्री जवळजवळ गप्प होता. गावाचं नाव का लिहीत नाही ते कळलं असेल.

खर्च: माणशी दिवसाला ८०० रुपये, जेवणासकट. लेकीचे घ्यायलाच तयार नव्हते.

--

डोंगरयार | ९ जून, ११:१५
झकास! फोटो टाका की. आणि नवरोबांना म्हणावं रतनगडावर स्वतंत्र धागा काढा, नेढ्यातला वारा अनुभवलेला माणूस गप्प बसूच शकत नाही.

मी_काकू | १० जून, ६:०५
वाचता वाचता चुलीचा वास आला गं. खराट्याचं अगदी खरं आहे, माझ्या सासूबाई पण पाहुणे झोपले की भांडीच आपटायच्या.

शंकेखोर | १० जून, ९:३०
छान लिहिलंय, पण दोन शंका. एक, राब भाजायला झाडांच्या फांद्या तोडतात, धूर होतो. याचं कौतुक करायचं का? दोन, पाहुण्यांकडून कौलं पुसून घ्यायची आणि वर ८०० रुपये घ्यायचे, हे गणित भारी आहे!

कौलारू | १० जून, १०:१०
@शंकेखोर, दुसऱ्याचं आधी. आम्ही कामात आलो म्हणून त्यांचं काम कमी झालं नाही, वाढलं. माझ्या चार मुठी बी निस्तरायला आजींना अर्धा तास लागला. खरं तर त्यांनी आमच्याकडून शिकवणीची फी घ्यायला हवी होती.
पहिल्याबद्दल मला पुरेसं माहीत नाही. इथे कुणी त्या भागातलं आहे का?

अकोलेकर | १० जून, दुपारी १:२०
आहे. राजूरजवळचा. आता पुण्यात नोकरी, पण आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, दरवर्षी घरी.

राबाबद्दल: कृषी खात्याची माणसं कितीतरी वर्षं सांगतात की न भाजता गादीवाफ्यावर रोपं करा. काहींनी केलंही. पण उतारावरची, दगडगोट्यांची जमीन, एकदा पाऊस लागला की उसंत नाही, आणि भाजलं नाही तर तण रोपाच्या वर. निंदायला माणसं कुठून आणणार? म्हातारी माणसं झाड बुडापासून तोडत नाहीत, टहाळे छाटतात, पुढच्या वर्षी ते परत फुटतं. नवी पिढी तेवढी काळजी घेते असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

धाग्याबद्दल: बरं लिहिलंय. एक गोष्ट राहिली. तुम्ही पाण्याखालची खाचरं पाहिली, पण वरची हंड्यांची रांग पाहिली का? या धरणात ११ टीएमसी पाणी मावतं. ते प्रवरेतून आणि कालव्यांतून खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे जातं, त्यावर ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले. आणि धरणाला खेटून असलेल्या वाड्यांतल्या बाया मे महिन्यात डोक्यावर पाणी आणतात. पर्यटक म्हणतात, "किती नशीबवान, समोर एवढं पाणी!"

कौलारू | १० जून, २:००
पाहिली. वहिनी रोज दोन खेपा करत होत्या. मी एक हंडा उचलायचा प्रयत्न केला आणि अर्धा रस्त्यात सांडला. लिहिलं नाही, कारण हेही माझ्याच फजितीत जमा झालं असतं. तुमच्या शब्दांत आलं ते बरं झालं.

कीटकवेडा | १० जून, रात्री ९:४५
काजव्यांवर थोडं लिहितो, राहवत नाही. हा भुंगेऱ्यांच्या जातकुळीतला कीटक. आपण बघतो ते त्याचं शेवटचं पर्व, काही दिवसांचं. त्याआधी अळी म्हणून कितीतरी महिने तो ओल्या मातीत, पाचोळ्यात राहतो आणि गोगलगायी खातो. प्रौढ झाल्यावर नराचं एकच काम, लुकलुकून मादीला बोलावणं. मादी ओळखीच्या ठेक्याला उत्तर देते. लुसिफेरिन नावाचं द्रव्य आणि लुसिफेरेज हे विकर यांच्या रासायनिक क्रियेतून हा उजेड होतो, उष्णता जवळजवळ नाही.

आता त्या वेळी गाडीचा हेडलाइट मारला की काय होतं? मादीला नराचा ठेका दिसत नाही. शनिवारी सादडा गप्प होता तो बहुधा या उजेडानेच. आणि नुसता उजेडच नाही. झाडाखाली दोनशे माणसं उभी राहिली की पाचोळ्यातल्या माद्या आणि पुढच्या वर्षीच्या अळ्या पायाखाली जातात.

डोंगरयार | १० जून, १०:३०
म्हणजे आम्ही बघायलाच जायचं नाही का? 'काजवा महोत्सव' बंद करायचा?

कीटकवेडा | १० जून, १०:५०
असं म्हटलं नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, गाडी गावात लावा, चालत जा, रस्त्यावरूनच बघा, टॉर्च लागलाच तर त्याला लाल कागद लावून जमिनीकडे धरा. फोटोचा हट्ट सोडा, मोबाइलवर येत नाहीच. अभयारण्य आहे (कळसूबाई-हरिश्चंद्रगड, १९८६ पासून), वनखात्याचे त्या वर्षीचे नियम काय आहेत ते आधी विचारून घ्या.

अकोलेकर | ११ जून, ८:१५
आणि हेही लिहा की काजव्यांच्या त्या तीन आठवड्यांत गावातल्या पोरांना जो पैसा मिळतो त्यावर बियाणं आणि खत येतं. तंबूवाला बाहेरचा असेल तर तो पैसाही बाहेर जातो. कौलारूताई राहिल्या तसं राहिलात तर घरात राहतो. माझा काजव्याला विरोध नाही, शनिवारच्या डीजेला आहे.

नाशिकचा_चिवडा | ११ जून, ११:४०
आम्हाला जवळ. घोटीवरून बारी, तिथून शेंडी. पुण्याहून येणाऱ्यांना संगमनेर-अकोले-राजूर सोयीचं. येताना राजूरचे पेढे घेतले नाहीत तर फेरी फुकट.
ज्यांना बैलांचं वेड आहे त्यांनी डिसेंबरात जा. राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं. हे बैल त्या पावसासाठीच घडलेत. कातडी तेलकट, पाणी अंगावर ठरत नाही, खूर काळे आणि टणक. दुसरं जनावर चार दिवसांत आजारी पडेल त्या चिखलात हे औत ओढतात.

अकोलेकर | ११ जून, १२:१०
@नाशिकचा_चिवडा, राजूरला गेलात तर देवगावलाही जा. राघोजी भांगरे तिथले. इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठले, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. खोरं बघायला येणारे धबधब्याचं नाव विचारतात, देवगावचं कुणी विचारत नाही.

शंकेखोर | ११ जून, दुपारी ४:००
घाटघरबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून माझ्या धंद्यातलं सांगतो. कड्यावर एक जलाशय, खाली कोकणात शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा. विजेची मागणी असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करतात, मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर. २५० मेगावॅट, २००८ पासून. म्हणजे त्या कड्यावर पाणी दोन्ही दिशांना जातं. (आणि हो, राबाबद्दल अकोलेकरांचं उत्तर पटलं. अर्धं.)

दूरदेशी | १२ जून, पहाटे ३:२५
न्यू जर्सीतून वाचतोय. डिसेंबरात आई-बाबांना आणि दोन मुलांना घेऊन येतोय. मुलांना खरं शेत दाखवायचंय. बाथरूमची सोय कशी आहे? वायफाय? बाबांचे गुडघे दुखतात. आणि मुलांना भातलावणी करायला मिळेल का?

अकोलेकर | १२ जून, ७:५०
डिसेंबरात भात कापून, झोडून कणगीत गेलेलं असतं. आणि आमच्याकडे लावणी नाही म्हणत, आवणी म्हणतात. जुलैत असते. लावणीला तुम्ही दुसरीकडे जा :)

मी_काकू | १२ जून, ८:०५
अकोलेकर, हसून हसून चहा सांडला.

कौलारू | १२ जून, ९:१५
@दूरदेशी, खरं ते सांगते. संडास अंगणाच्या कोपऱ्यात, स्वच्छ, पण भारतीय पद्धतीचा. बाबांच्या गुडघ्यांना जड जाईल, घडीची खुर्ची मिळते ती बरोबर आणा. आंघोळ दगडावर, चुलीवरच्या पाण्याने. वायफाय नाही, रेंज अंगणातल्या आंब्याखाली एका विशिष्ट फांदीजवळ. नवऱ्याने तिथे उभं राहून एक मीटिंग केली, मागे बैल हंबरला आणि त्याच्या साहेबांनी विचारलं की शेजारी कुणाची तब्येत बरी नाही का.
डिसेंबरात थंडी कडक, आभाळ स्वच्छ, कळसूबाई चढायला तोच काळ चांगला. शेतात मात्र तेव्हा फार काही नसेल. मुलांना डांगी प्रदर्शन दाखवा, ते विसरणार नाहीत. आई-बाबांना शेंडीला हॉटेलात ठेवा आणि दिवसा घरी आणा, असं मी करेन.

दूरदेशी | १२ जून, रात्री ८:४०
धन्यवाद! व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

बियाणेवाली | १४ जून, १०:००
काळभाताबद्दल वाचून आनंद झाला. याच तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणांची बँक उभी केली, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या आजींसारख्या बायका घरोघरी आहेत, म्हणूनच बँकेत ठेवायला बी मिळालं. कौलारू, आजींना विचाराल का, राख कुठल्या लाकडाची वापरतात?

कौलारू | १४ जून, ११:३०
फोन केला. उत्तर: "चुलीतली. आन् कुठली?"

--

कौलारू | २२ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. आवणीला परत गेले, या वेळी एकटी, तीन दिवस. लेकीची शाळा, नवऱ्याच्या मीटिंगा (आंब्याची ती फांदी पावसात पडली म्हणे).

हे जूनपेक्षा वेगळंच खोरं. परातीची कड दिसतच नाही. कळसूबाई तीन दिवसांत एकदा, दहा मिनिटं. प्रत्येक उतारावरून पांढऱ्या रेघा, नावं नसलेले शेकडो धबधबे. रंधा बघायला गाड्यांची गर्दी आणि इथे बांधावर बसलं की समोर बारा रंधे. काळे चौकोन आता पोपटी, आणि त्यातलं रोप उपटून जुड्या बांधून खाचरात नेत होते.

पहाटेपासून पंधरा-सोळा बायका रांगेने वाकलेल्या. डोक्यावर बांबू-पानांचं इरलं आता फक्त आजींचं, बाकी सगळ्यांचे निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद. दादांकडच्या माणसांना मजुरी किती द्यायची असं मी विचारलं, तर म्हणाले, मजुरी कसली, सावड आहे. आज दादांच्या वावरात सगळे, परवा दादा-वहिनी बाकीच्यांच्या वावरात.

मला एका टोकाला उभं केलं. चिखल पोटरीपर्यंत, रोप तीन बोटांत धरून अंगठ्याने खुपसायचं. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागली. बाजूची बाई हात न थांबवता गाणं म्हणत होती आणि मी मागे राहिले की माझ्या वाटणीचंही लावत होती. तासाभराने बांधावर बसले. कुणी काही म्हटलं नाही, फक्त आजींनी लांबून विचारलं, "झाली का हौस?"

दुपारी माझ्या ओळीकडे बघून दादांनी दहा-बारा रोपं परत नीट लावली. गुपचूप, मला दिसू नये अशा बेताने. दिसलं.

अकोलेकर | २२ जुलै, १०:२०
मी पण तेव्हाच घरी होतो, पलीकडच्या खोऱ्यात. आता पाठ धरलीय. पुण्यात ऑफिसात लोक विचारतात, "सुट्टीत कुठे फिरून आलात?"

शंकेखोर | २३ जुलै, ९:००
सावडीचा हिशोब कोण ठेवतं? कुणी आलंच नाही तर?

अकोलेकर | २३ जुलै, ९:२५
कागदावर कुणी नाही. आठवणीत सगळे. नाही आला तर पुढच्या वर्षी त्याच्याकडे कुणी जात नाही, एवढाच कायदा. पण खरं सांगायचं तर कमी होत चाललंय. पोरं बाहेर, मजुरीचा दर वर, काही ठिकाणी आता उक्तं काम देतात. कौलारूताईंना पंधरा बाया दिसल्या त्यात किती तिशीच्या आतल्या होत्या?

कौलारू | २३ जुलै, १०:०५
दोन. त्यातली एक सुट्टीवर आलेली नर्स होती.

--

कौलारू | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

शेवटचं. सोंगणीला जायचं ठरवलं होतं, जमलं नाही. दादांनी फोनवर सांगितलं, परतीच्या पावसाने कापलेलं थोडं भिजलं, पण काळभात उशिरा कापला म्हणून वाचला. आज एसटीच्या पार्सलने पंधरा किलो इंद्रायणी आला, पैसे आधीच पाठवले होते. गोणीच्या तोंडाशी वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी, तिच्यावर लेकीचं नाव. आत काळभाताचं मूठभर बी, राखेसकट. आजींनी निरोप दिलाय की पोरीला म्हणावं, ढीग टाकू नको, आईसारखा.

आता लेक विचारतेय की बाल्कनीत भात होतो का. कुणी केलाय?

बियाणेवाली | २६ नोव्हेंबर, ७:१०
होतो. पण आता नको, जूनपर्यंत थांब. तोवर बी त्याच राखेत, झाकणाच्या डब्यात, ओल लागू देऊ नकोस.

मी_काकू | २६ नोव्हेंबर, ७:४५
मी केलाय, रंगाच्या रिकाम्या बादलीत. खाली माती, वर चार बोटं पाणी. बाकी काही नाही, फक्त सवयीने बादलीला भोक पाडू नकोस.